एका गल्लीत दोन सूर्य

बाबांच्या टेबलावर रंगांच्या डब्यांचा नुसता बाजार भरलेला असे, पण काळ्या रंगाची डबी घरात एकच होती, आणि तीही फडताळाच्या अगदी वरच्या कप्प्यात. लोक औषधं वर ठेवतात, सुऱ्या-कात्र्या वर ठेवतात, तसा बाबांनी काळा रंग वर ठेवला होता. एकदा कुणा पाहुण्याने विचारलं, "अहो, पोरगी पिईल म्हणून का?"

"पिईल म्हणून नाही, लावेल म्हणून," बाबा म्हणाले.

ही पोरगी म्हणजे खारू, त्यांची धाकटी. ब्रशच्या दांड्या कुरतडायची खोड होती म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. आज तिची पन्नाशी उलटून गेली आहे, संग्रहालयांतली मोठमोठी माणसं तिला फोनवर मॅडम मॅडम करतात, तरी घरात ती खारूच.

बाबा प्रतिकृती करत. बंदरं, पूल, गिरण्या, आगगाडीची स्टेशनं, जे म्हणाल ते टेबलावर मावेल एवढं करून देत. संग्रहालयांना लागायचं, कचेऱ्यांच्या दर्शनी भागात मांडायला लागायचं. भिंती आणि छपरं कुणीही कापून चिकटवील, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा खरा जीव होता तो त्यात वावरणाऱ्या माणसांत. अर्ध्या बोटाएवढी लाकडी माणसं. ती ते स्वतः कोरत, स्वतः रंगवत, आणि त्यांना 'मंडळी' म्हणत. "पंखा लावू नका, मंडळी वाळताहेत," असं ऐकलं की दादा आणि खारू हसून लोळायची, आणि पंखा मात्र कुणी लावत नसे.

एका दुपारी बाबा बाहेर गेले होते. खारूने स्टुलावर स्टूल चढवलं, ती डबी खाली काढली आणि बंदराच्या धक्क्यावर बसवायचा एक कुत्रा काळाकुळकुळीत रंगवून टाकला. ब्रशचा एक ओरखडा दिसेल तर शपथ. आता पाठ थोपटून घ्यायची म्हणून ती वाट बघत बसली. बाबा आले, त्यांनी कुत्रा धक्क्यावर ठेवला आणि तिला चार पावलं मागे नेऊन उभं केलं.

"काय दिसतंय?"

"कुत्रा."

"नीट बघ."

तिने नीट बघितलं आणि तिचा चेहरा पडला. कुत्रा नव्हताच तिथे. चांगल्या धक्क्याला कुत्र्याच्या आकाराचं भोक पडलं होतं.

बाबा रागावले नाहीत. रागावण्यापेक्षा समजावून सांगण्यात त्यांना जास्त गोडी होती, आणि समजावायला लागले की तासभर थांबत नसत. "खऱ्या कुत्र्यावर उजेड आपला आपण पडतो," ते म्हणाले. "हा एवढासा. त्याच्यावर पडायला उजेडाला जागा कुठाय? तो आपण रंगवून द्यायचा. सावली आपण द्यायची, चमक आपण द्यायची. आणि डबीतला काळा लावलास की त्याच्याखाली सावली कशाने दाखवशील? काळ्याहून काळं काय आहे तुझ्याकडे?"

काही नव्हतं. त्या दिवसापासून खारूची शाळा सुरू झाली. घरातली प्रत्येक काळी वस्तू खिडकीशी आणून ठेवायची आणि तिच्यात काळा सोडून काय काय दिसतं ते सांगायचं, असा तो खेळ होता. बुटात आधी काहीच दिसेना. मग टोकाशी एक टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला, आणि त्याच्या भोवती पटकन अंधार. "म्हणजे चामडं," बाबा म्हणाले. छत्रीवर निळसर पट्टे दिसले, काडीपासून निघून कडेपर्यंत ओघळलेले. लोखंडी तवा काळा म्हणावा तर तपकिरी निघाला. मांजर पळून गेलं, त्यामुळे मांजराचा काळा बरेच दिवस शिकायचा राहिला. लोकरीच्या कोटावर चमक शोधून शोधून तिचे डोळे दुखले. तिथे चमक नव्हतीच, नुसता एक मळकट करडेपणा खांद्यावर सांडलेला होता. "कोट जुना झाला की आणखी मजा," बाबा म्हणाले. "जुना कोट काळा नसतो. तो कधीकाळी काळा होता, एवढंच." म्हणून जुन्या कोटाला ते रंगात चिमूटभर हिरवा घालत. चाकरीत झिजलेल्या कारकुनाला थोडा जास्त.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी गडद करडा, कधी निळ्याकडे झुकणारा, कधी तपकिरीकडे. मग उजेडाच्या बाजूने एकेक पायरी चढत जायचं. डबीतला काळा सगळ्यात शेवटी, तोही काखेत, कॉलरखाली, घड्यांच्या फटीत, केसाएवढ्या ब्रशने. आणि उजेड नेहमी डावीकडून. खोलीची एकुलती एक खिडकी बाबांच्या डाव्या हाताला होती, त्यामुळे त्यांच्या सगळ्या बंदरांवर आणि सगळ्या स्टेशनांवर ऊन डावीकडूनच येई. एकदा खारूने एका पोस्टमनच्या उजव्या बाजूला चमक दिली, तेव्हा बाबांनी त्याला चिमट्यात धरून तिच्या नाकासमोर नाचवला.

"एका गल्लीत दोन सूर्य नसतात, खारे."

हे वाक्य पुढे तिने आपल्या हाताखाली शिकणाऱ्यांना इतकं ऐकवलं की ते तिच्याच नावावर खपू लागलं.

आई मात्र त्या खोलीत कधी यायची नाही. थिनरच्या वासाने तिला खोकल्याची उबळ यायची, ती आली की थांबायचं नाव नाही. आई टेलिफोन ऑफिसात कामाला होती. संध्याकाळी घरी आली की अंगातला काळा कोटही न काढता ती थेट आतल्या पॅसेजमधून यायची आणि खोलीच्या उंबऱ्यावर थांबायची. पॅसेजच्या टोकाला मागच्या अंगणाचं दार होतं. ते तेवढा वेळ उघडं असे, म्हणजे वास तिकडून निघून जावा.

"अहो, आले मी. चला, चहा टाकते."

"आलो गं, एवढा ठिपका देतो."

"तुमचा ठिपका मला चांगला ठाऊक आहे. चहावर साय धरेपर्यंत चालतो."

रोज हेच. शब्दाचाही फरक नाही. दादा तर दोघांच्या आवाजात नक्कल करून दाखवायचा, आणि आई हसता हसता त्याच्या पाठीत धपाटा घालायची. खारूला त्या वेळी वाटायचं की सगळ्यांच्याच घरी आई दारात उभी राहते आणि बाबा ठिपका देतात. असं वाटण्याचे दिवस किती बरे असतात, हे ते संपल्यावरच कळतं.

ती रोज समोर येणारी आई एका वर्षी गेली. त्यानंतर बाबांनी बाहेरची कामं घेणं सोडलं आणि बरीच वर्षं रेंगाळलेली आपली गल्ली पुरी करायला घेतली. आपली म्हणजे खरोखरच आपली; ज्या गल्लीत ते घर होतं ती. दुतर्फा दुकानं, पाववाल्याचा कोपरा, गटारावरची फरशी उचकटलेली होती तीसुद्धा उचकटलेली. कोळसेवाला होता, पाठीवर पोतं घेतलेला. त्याच्या एकट्यात बाबांनी किती काळे घातले होते ते बघत बसावं. मोची होता, मोच्याचा कुत्रा होता, छत्रीवाली मावशी होती, जी ऊन असो नसो छत्री उघडूनच निघायची. सगळ्यात शेवटी आई आली. तिला रंगवताना बाबांनी दार लावून घेतलं होतं. एका सकाळी ती पाववाल्याच्या कोपऱ्यावर उभी दिसली, काळ्या कोटात, घराकडे यायला निघालेली.

खारू तोवर या धंद्यात नावारूपाला आली होती. तिने वाकून बघितलं, मग भिंग आणून पुन्हा बघितलं. आईच्या कोटाचा पुढचा भाग सगळा काळा होता. डबीतला, वरच्या कप्प्यातला काळा. चेहरासुद्धा जवळजवळ अंधारात. खांद्यावर करडेपणा नाही, डावीकडून उजेड नाही; फक्त कडेकडेने, डोक्यापासून कोटाच्या घेरापर्यंत, एक बारीक तांबूस रेघ ओढलेली. बाकीच्या गल्लीत सकाळ होती आणि आई तेवढी त्यात कुठूनशी कापून आणून चिकटवल्यासारखी दिसत होती.

"बाबांचे डोळे गेले रे," तिने जिन्यात दादाला गाठून सांगितलं. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. "भोक दिसतंय तिथे आईच्या आकाराचं."

"नंबर वाढलाय खरा त्यांचा," दादा म्हणाला. "तू काही बोलू नकोस त्यांना."

ती बोलली नाही. पण ती रेघ तिच्या डोक्यात राहून गेली, दुसऱ्याची चूक राहते तशी.

यालाही आता बरीच वर्षं झाली. ते घर विकलं गेलं, गल्लीही पूर्वीची उरली नाही. बाबा खारूकडे राहायला आले, आणि काचेच्या पेटीतली गल्ली त्यांच्या खोलीत खिडकीखाली विसावली. बाबांच्या स्मरणशक्तीची अलीकडे पार चाळणी झाली होती. दादाला ते कधी दादा म्हणत, कधी डॉक्टर. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. पण गल्लीत त्यांची एकदाही चूक होत नसे. रोज सकाळी खुर्ची ओढून ते पेटीशी बसत आणि काचेवरून बोट फिरवत एकेकाची हजेरी घेत. कोळसेवाला. मोची. मोच्याचा कुत्रा. छत्रीवाली मावशी, हिला म्हणावं छत्री मीट. बोट पाववाल्याच्या कोपऱ्यावर पोचलं की ते थांबत, आणि त्यांचा चेहरा निवळे.

"येतेय ती. कोपऱ्यावर आहे."

मग ते निमूटपणे उठून न्याहारीला येत. दिवस चांगला जाई. आई गेली हे त्यांना आठवत होतं की नाही, हे खारूने कधी विचारलं नाही. कोपऱ्यावर असलेलं माणूस दोन मिनिटांत घरी येतं. त्या दोन मिनिटांत बाबा सुखाने राहत होते, तर राहोत बापडे.

मग वरच्या मजल्यावरची पाण्याची नळी फुटली. छतातून ओल उतरली, पेटीत शिरली, आणि मंडळींच्या वार्निशवर पांढुरकी साय धरली. फिक्या रंगांवर ती खपून गेली; काळ्यावर काहीच खपत नाही. कोळसेवाला पीठवाला झाला, मावशीच्या छत्रीवर बुरशी आल्यासारखी दिसू लागली, आणि आई तर धुक्यात गेल्यासारखी झाली. खारूने सगळी गल्ली आपल्या कामाच्या खोलीत हलवली.

"मंडळींना आंघोळ घालते, बाबा," ती म्हणाली.

"हिला गार पाणी नको," बाबा म्हणाले. "खोकला होतो तिला."

खारू मान वळवून डब्यांची झाकणं उगाचच घट्ट करत बसली.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. खूप वर्षांनी ती बाबांच्या हाताखाली काम करत होती, असंच तिला वाटत होतं. वार्निश उतरवलं की बाबांनी कुठे काय केलं ते उघडं पडायचं. कोळसेवाल्याच्या पोत्यावर त्यांनी तपकिरी घातला होता आणि कोळशाच्या ढेकळांवर निळा, म्हणून पोतं पोतं दिसे आणि कोळसा कोळसा. छत्रीचे पट्टे काडीपासून निघून कडेला ओघळत होते, तिने खिडकीशी मोजून दाखवले होते तसेच. मोच्याच्या कुत्र्याच्या पाठीवर चमक होती, पोटाखाली सावली होती. आपल्या त्या जुन्या भोकाची आठवण येऊन ती एकटीच हसली. जिथे रंग निघून आला तिथे तिने बाबांचाच हात गिरवला. कुठे आपली अक्कल चालवली नाही.

फक्त आईच्या बाबतीत चालवली. आईचा रंग सायीबरोबर पार सुटून आला होता, खाली लाकूड दिसत होतं. आता ती चूक पुन्हा गिरवायची? खारूला त्यासाठी ब्रश उचलवेना. बाबांनी म्हाताऱ्या डोळ्यांनी केलेली चूक त्यांच्याच शिकवणीने सुधारायची, यात कसलं पाप? तिने टेलिफोन ऑफिससमोर काढलेला आईचा फोटो शोधून काढला. भर उन्हातला, हसरा. गडद करड्याने सुरुवात केली. डाव्या खांद्यावर लोकरीचा मळकट उजेड दिला, शिवणींतून केसाएवढा काळा फिरवला, जुन्या कोटाचा चिमूटभर हिरवा घातला. केसांवरून चमकेची एक फिकट पट्टी नेली. बुटावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. चेहरा उजळ केला, फोटोतल्यासारखा. भिंगाखाली धरून बघितलं तर आईच. आपल्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

गल्ली परत बाबांच्या खोलीत गेली. सकाळी बाबांनी खुर्ची ओढली. कोळसेवाला आला म्हणाले. मोची, कुत्रा, मावशी. बोट कोपऱ्यावर आलं आणि थांबलं. मग मागे गेलं. पुन्हा कोळसेवाल्यापासून सुरुवात झाली.

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

"आई, बाबा. बघा तरी नीट."

त्यांनी नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. "कुणीतरी भली बाई दिसते," ते म्हणाले. "आपली नव्हे. अगं, ती कुठे गेली?"

आणि ते उठून बूट शोधू लागले.

दादा दुकानातून भिंगांची पेटी घेऊनच आला. बाबांच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवून त्याने एकेक काच घालून पाहिली. "आता? आता कसं दिसतंय?"

"आता छान दिसतंय, डॉक्टर," बाबा म्हणाले. "ही बाई आणखी स्पष्ट दिसते."

एरवी यावर तिघं मिळून हसली असती. त्या दिवशी दादाने मुकाट्याने काचा पेटीत भरल्या.

बाबा आता पहाटेच बूट आणि आपला लोकरी कोट घालून बसू लागले. बूट घालूनच हजेरी घेत, आणि कोपऱ्यावर ती परकी बाई दिसली की थेट दाराकडे निघत. एकदा खारू अंघोळीला गेली तेवढ्यात ते जिना उतरून गेले. चौकातल्या औषधवाल्याने त्यांना धरून बसवलं होतं. दिसेल त्याला ते विचारत होते, काळा कोट घातलेली बाई पाहिलीत का, टेलिफोनवाली, एव्हाना यायला हवी होती. रस्त्यावर गाड्या धावत होत्या, आणि बाबांना तर आता हॉर्नचंसुद्धा भान राहत नसे.

"दाराला बाहेरून कुलूप लावावं लागणार," दादा म्हणाला.

"बाबांना कोंडून ठेवायचं?"

"मग काय करायचं ते तू सांग."

खारू आपल्या कामाच्या खोलीत निघून गेली. तिचं म्हणाल तर तिला रागच आला होता, बाबांचा आणि स्वतःचा. इतकं हुबेहूब करून दिलं, आणि नेमकी तीच हरवावी? तिने आईला पेटीतून काढून आपल्या टेबलावर आणलं, भिंगाखाली धरलं, नाकाची रेघ जरा बारीक केली. हनुवटी दुरुस्त केली. काय चुकलंय ते कळत नाही आणि हात थांबत नाही, अशी तिची गत झाली होती.

संध्याकाळ व्हायला आली होती. दारात पावलं वाजली.

"अगं, ती कुठेय?" बाबांचा आवाज.

"आले बाबा, एवढा ठिपका देते," खारू मान वर न करता म्हणाली.

बोलली, आणि आपलेच शब्द तिच्या कानावर आले. ब्रश हातात तसाच राहिला. तिने मान वर केली. त्याच शब्दांवर, अशाच टेबलामागून, बाबा रोज मान वर करायचे तशी.

दारात बाबा उभे होते. पण बाबा दिसत नव्हते. त्यांच्या पाठीमागे पॅसेजच्या टोकाची गॅलरी मावळतीच्या उजेडाने भरली होती, आणि दारात उभा होता तो नुसता काळा आकार. कोट काळा, चेहरा काळा, डबीतल्याहून काळा. आणि त्या काळ्याच्या कडेकडेने, डोक्यावरच्या विरळ केसांपासून कोटाच्या घेरापर्यंत, एक बारीक तांबूस रेघ. लोकरीची लव तेवढी पेटली होती.

खारूने ब्रश खाली ठेवला. आईला तिने स्वयंपाकघरात पाहिली होती, रस्त्यात पाहिली होती, मांडीवर डोकं ठेवून खालून पाहिली होती. तिच्याकडे आईचे शंभर उजेड होते. बाबा दिवसभर त्या खोलीत, आई उंबऱ्याबाहेर, तिच्या पाठीमागे अंगणाचं उघडं दार आणि मावळतीचा उजेड. दिवसभर वाट पाहून मान वर केली की त्यांना ती अशी दिसायची. त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. जन्मभर एका सूर्याचा हट्ट धरलेल्या माणसाने त्या गल्लीत आपल्या बायकोसाठी दुसरा सूर्य आणला होता, आणि आपण शहाणपणा करून तो पुसून टाकला.

"बाबा," ती म्हणाली, "तिथेच उभे राहा जरा. हलू नका."

"का गं?"

"मला बघायचंय."

बाबा उभे राहिले. बघण्यासाठी कुणी थांबायला सांगितलं तर का म्हणून विचारत बसायचं नसतं, हे त्यांना अजून आठवत होतं. खारूने थिनरमध्ये बोळा बुडवला आणि आपलं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम पुसून टाकलं. मग स्टूल ओढून फडताळाच्या वरच्या कप्प्यातून डबी काढली. ती सवय तिनेही सोडली नव्हती. काळा पातळ केला नाही, तसाच लावला. पुढून सगळा. चेहऱ्यावर त्यात थोडा तपकिरी, इतका थोडा की असल्याचं फक्त तिलाच कळावं. मग कडेला काळ्याचा तांबडा केला, तांबड्याचा नारिंगी, आणि अगदी टोकाला उजेडाची एक रेघ. ती रेघ तिला आठवावी लागली नाही. चूक म्हणून इतकी वर्षं जपली होती, ती सगळीच्या सगळी हाताशी आली. केसांतून सुटलेल्या दोन बटासुद्धा, ज्या तेव्हा तिला म्हाताऱ्या हाताच्या थरथरीच्या खुणा वाटल्या होत्या.

"खारे," बाबा मध्येच दारातून म्हणाले, "पाय दुखले."

"झालंच बाबा."

"तुझं झालंच मला ठाऊक आहे."

ती रडत होती आणि हसत होती, आणि हात मात्र हलू देत नव्हती. ते तिला बाबांनीच शिकवलं होतं.

सकाळी बाबा बूट घालून, कोट घालून, नाड्या घट्ट आवळून पेटीशी येऊन बसले. दादा कुलूप घेऊन आला होता. ते त्याने पाठीमागे लपवून धरलं होतं. खारू दाराशी उभी राहिली. काचेवरून बोट फिरू लागलं. कोळसेवाला. मोची. कुत्रा. मावशीला आज छत्री मीट म्हणायचंही बाबा विसरले, इतकी त्यांना घाई होती. बोट कोपऱ्यावर आलं.

थांबलं. मागे गेलं नाही.

बाबा पुढे वाकले. त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली, ती त्यांनी बाहीने पुसली. मग त्यांचा चेहरा निवळला, इतक्या दिवसांचा थकवा त्यावरून उतरताना खारूला दिसला.

"आलो गं," ते काचेला म्हणाले. "एवढा ठिपका देतो."

आणि खाली वाकून ते बुटांच्या नाड्या सोडू लागले.